‘पाटकरी’ गेमची रंगयोजना : कामाच्या नोंदी

‘पाटकरी’ हा अँड्रॉइड फोनसाठी तयार होत असलेला छोटा गेम आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर चालत आलेली फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतांच्या गटांना (फडांना) वाटून देण्याची जुनी सामूहिक पद्धत, हा त्याचा आधार असून खेळाडूने पाटकऱ्याचे काम करायचे आहे : पाटाचे पाणी चार फडांत वेळेवर फिरवायचे, कोणतेही पीक वाळू द्यायचे नाही आणि कोणताही बांध फुटू द्यायचा नाही. इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, गोडो ४.३ आहे. प्रोग्रॅमिंग आणि खेळाची रचना माझ्याकडे आहे. चित्रे एक चित्रकार मित्र मोबदला घेऊन काढतो. खेळाचे नियम पावसाळ्यातच पक्के झाले होते, तरीही खेळणारे हरत होते आणि आपण का हरलो हे त्यांना सांगता येत नव्हते. त्याचा माग काढताना रंगांवर जे काम झाले, त्याच्या या नोंदी आहेत. रंगांचे आकडे तांबडा, हिरवा, निळा या क्रमाने, ० ते २५५ या मोजपट्टीवर दिले आहेत.

४ नोव्हेंबर २०२४

चाचणीला बसलेल्यांच्या मागे उभे राहून आज फक्त पाहिले, काहीही समजावून सांगितले नाही. पाणी उपलब्ध असतानाही पहिला फड वाळू दिला जातो, ही तक्रार खरी निघाली. बोटे पडद्यावर फिरतात, चारीची दारे उघडतात, पण तहानलेल्या पिकाकडे नजर जातच नाही. मध्येच खेळ थांबवून “यातले कोणते पीक सुकत आले आहे?” असे विचारले, तर उत्तर यायला वेळ लागतो आणि निम्म्या वेळा ते चुकीचे असते.

तजेलदार पिकाचा रंग ७६, १४०, ६० हा हिरवा आहे आणि सुकलेल्या पिकाचा १७६, १०४, ४८ हा तपकिरी. मोठ्या संगणकावर दोन्ही शेजारी ठेवले की फरक उघड दिसतो. पण वेबसाठीच्या सुलभतेच्या मानकात, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातले अंतर, काढण्याचे जे सूत्र आहे ते लावले, तेव्हा या दोन रंगांचे गुणोत्तर १.०५ : १ आले. त्याच मानकाने चिन्हे आणि बटणे यांच्यासाठी किमान ३ : १ आणि साध्या मजकुरासाठी ४.५ : १ ठरवले आहे. म्हणजे आमची दोन पिके उजळपणात जवळजवळ एकच होती आणि सगळा भार एकट्या रंगछटेवर टाकलेला होता. छोट्या पडद्यावर, हलत्या दृश्यात, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहताना छटेतला फरक उशिरा कळतो, तर उजळपणातला फरक आधी कळतो. चाचणीत जे दिसले त्याचा उलगडा एवढ्याने होतो.

७ नोव्हेंबर

संपूर्ण गेम करड्या रंगात पाहण्याची सोय केली. सर्वांत वरच्या थरावर पडदाभर आयत ठेवायचा आणि त्याच्या शेडरमध्ये (प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) पडद्यावरचे चित्र वाचून ते करडे करायचे, एवढेच काम आहे. पण त्यात एक खाच आहे आणि तीत जवळपास एक अख्खा दिवस गेला. पहिल्या शेडरमध्ये तिन्ही आकड्यांची साधी सरासरी घेतली होती. त्या हिशेबाने हिरव्याचा करडा ९२ येतो आणि तपकिरीचा १०९, म्हणून पडद्यावर पिके वेगळी दिसत राहिली आणि सूत्रातच गफलत असावी असे वाटू लागले. प्रत्यक्षात डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वाधिक उजळ वाटतो, तांबडा त्याहून कमी आणि निळा सर्वांत कमी. म्हणून भार अनुक्रमे ०.७१५२, ०.२१२६ आणि ०.०७२२ असे घ्यावे लागतात, आणि तेही एसआरजीबीचे, म्हणजे पडद्याच्या नेहमीच्या रंगपद्धतीचे, आकडे आधी रेषीय, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात, करून. गोडोमध्ये द्विमितीय चित्रांसाठी ‘एचडीआर २डी’ ही सेटिंग चालू केली नसेल तर शेडरला रेषीय न केलेलेच आकडे मिळतात, त्यामुळे ते रूपांतर स्वतः लिहावे लागते. ते लिहिल्यावर दोन्ही पिकांचे करडे १२५ आणि १२२ झाले, आणि पडद्यावर चार फडांची एकच सपाट चटई उरली.

आता हा शेडर एका बटणावर बसवला आहे. नवे चित्र आले की आधी करड्यात पाहायचे आणि मगच रंगात, असे दोघांनी ठरवले. चित्रकार मित्राला हे सुरुवातीला जाचक वाटले. पण करड्या पडद्यावर त्याने स्वतः खेळून पाहिले आणि पहिला फड वाळवला, त्यानंतर तो वाद राहिला नाही.

१२ नोव्हेंबर

ज्यांना तांबडा आणि हिरवा यांतला भेद नीट दिसत नाही, अशा खेळाडूंचा विचार आज केला. या दोषाची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुख्यतः पुरुषांत आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांपैकी एकाला तो असतो. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘सिम्युलेट कलर स्पेस’ नावाची सोय आहे. तीत ड्यूटेरॅनोमली (हिरव्याची जाणीव कमी असण्याचा प्रकार) निवडली की फोनचा संपूर्ण पडदा तसा दिसू लागतो, आणि त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

हिरवे पीक, तपकिरी पीक आणि माती हे तिघेही त्यात एकाच मातकट पिवळ्या घराण्यात गेले. शेतीवरच्या कोणत्याही गेममध्ये हा धोका मुळातच आहे, कारण पिकाचा हिरवा आणि मातीचा तांबूस तपकिरी हीच जोडी या खेळाडूंना सर्वांत जड जाते. निसर्गाचे रंग जसेच्या तसे घेतले तर खेळ त्यांच्यासाठी बंद होतो.

१८ नोव्हेंबर

नवी पॅलेट, म्हणजे गेमचा रंगसंच, तयार झाली. या कामातला सर्वांत उपयोगी भाग हाच असल्याने तो सविस्तर लिहितो.

सुरुवात रंगांपासून न करता उजळपणाच्या पायऱ्यांपासून केली. खरे शेत पाहिले तर ओली काळी माती सर्वांत गडद असते आणि वाळलेले गव्हाचे पीक सर्वांत फिकट, काडाच्या रंगाचे. तपकिरी सुकलेपण हा आमच्या चित्रातला संकेत होता, शेतातला नव्हे. त्यामुळे ओल्या मातीला ५२, ४२, ३८ आणि सुकलेल्या पिकाला २३६, २१४, १४० हे रंग दिले. या दोन टोकांमध्ये ९.७ : १ एवढे अंतर मिळाले. तजेलदार पीक मात्र मधल्या पायरीवर असे बसले पाहिजे की ते मातीपासूनही सुटे दिसेल आणि सुकलेल्या पिकापासूनही.

ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांची, रंगभेद न दिसणाऱ्यांनाही वाचता येणारी पॅलेट प्रसिद्ध आहे. तिच्यातला निळसर हिरवा, ०, १५८, ११५, आधी घेतला. मातीशी त्याचे गुणोत्तर ४.१ आले, पण सुकलेल्या पिकाशी केवळ २.४. मग गडद करून ०, ११०, ८० घेतला, तर उलटे झाले : सुकलेल्या पिकाशी ४.३५ आणि मातीशी २.२, म्हणजे निरोगी पीक ओल्या मातीत बुडाले. शेवटी अंदाज सोडून दोन्ही टोकांचा भूमितीय मध्य (गुणाकाराचे वर्गमूळ) काढला, आणि त्या उजळपणाचा हिरवा शोधला. तो ०, १३६, १०० निघाला. त्याचे दोन्ही बाजूंचे गुणोत्तर ३.१ आहे. तीन पायऱ्यांची कोणतीही पॅलेट करताना हा हिशेब पहिल्याच दिवशी करावा. डोळ्याने चाचपडत आम्ही आठवड्याच्या जवळपास वेळ घालवला.

हिरव्यात तांबडा अजिबात न ठेवता निळा वाढवला, हेही मुद्दाम केले आहे. तांबडा-हिरवा भेद न दिसणाऱ्यांनाही निळा-पिवळा भेद दिसतो, त्यामुळे निळसर हिरवा आणि पिवळसर काड त्यांच्या डोळ्यांनाही छटेने वेगळे वाटतात.

एक अडचण मात्र रंगांनी सुटली नाही. वाळत आलेली माती १३४, ११४, ९६ ठेवली आहे आणि तिचा उजळपणा तजेलदार पिकाइतकाच आहे. माती वाळली पण पीक अजून हिरवे आहे, ही अवस्था काही सेकंद टिकते आणि खेळाडूने पाणी वळवण्याचा निर्णय नेमका तेव्हाच घ्यायचा असतो. तिथे काळ्या रानाला पडतात तशा भेगा काढल्या आणि पानांचे शेंडे खाली झुकवले. रंगाची पायरी कमी पडेल तिथे आकाराने बोलावे, हे यातून पक्के झाले.

२१ नोव्हेंबर

पाटाचे पाणी चित्रकाराने गढूळ काढले होते, आणि आवर्तन सुटल्यावर ते खरोखर तसेच असते. तरीही चाचणीत चारीत पाणी आले आहे की नाही हे कळत नव्हते, कारण पाणी आणि माती एकाच घराण्यातले रंग झाले होते. पाणी ८६, १८०, २३३ या आकाशी रंगात आणले आणि त्यावर प्रवाहाच्या दिशेने सरकणाऱ्या पांढऱ्या रेघा टाकल्या. सत्याला थोडी मुरड घातली याची मला रुखरुख आहे, म्हणून पाट जिथे बंधाऱ्यातून निघतो तिथे पहिल्या चार चौकटींत गढूळपणा राहू दिला. त्या भागात खेळाडूला काही ठरवायचे नसते.

२८ नोव्हेंबर

जिथे हात लावता येतो त्या प्रत्येक गोष्टीला, म्हणजे दारांच्या मुठींना, एकच गडद पिवळा दिला होता आणि तो इतरत्र वापरायचा नाही असा नियम होता. २००८ सालच्या ‘मिरर्स एज’ या गेममध्ये पांढऱ्या शहरात पुढची वाट तांबड्याने दाखवली आहे, कल्पना तीच. आज पाहिले तर खेळणारे बांधावर पुन्हा पुन्हा बोट मारत होते. तिथे चित्रकाराने शोभेसाठी झेंडू फुलवला होता, त्याच पिवळ्यात. खेळाडूंनी नियम अचूक शिकला होता आणि आमचे चित्र तो मोडत होते.

झेंडू काढून पांढरी तगर लावली. त्यानंतर बांधावरच्या निरर्थक टिचक्या थांबल्या, आणि दारे सापडायलाही कमी वेळ लागू लागला. पिवळा एकाच जागी उरला म्हणून तो अधिक जोरकस झाला. मुठीच्या रंगाला हातही लावला नव्हता.

५ डिसेंबर

दिवस, रात्र आणि ठळक अशा तीन पॅलेट लागणार हे दिसू लागले, म्हणून चित्रे तीनदा काढण्याऐवजी शेडरने रंग बदलायचे ठरवले. पहिली पद्धत अशी होती की शेडरने चित्रातला ठरावीक रंग ओळखावा आणि त्या जागी नवा टाकावा. ती दोन कारणांनी फसली. चित्र लहान-मोठे करताना कडांवर मधले रंग तयार होतात आणि ते यादीत नसल्याने प्रत्येक पानाभोवती जुन्या रंगाची झालर उरते. शिवाय काही चित्रे आयात करताना व्हीआरएएम कॉम्प्रेशन (मेमरी वाचवण्यासाठी चित्र दाबून साठवणे) चालू राहिले होते, त्यामुळे मूळ रंगच किंचित सरकले होते आणि ओळख पटत नव्हती.

आता चित्रे फक्त करड्यात साठवतो. प्रत्येक करडा म्हणजे एक क्रमांक. त्या क्रमांकाचा रंग एका छोट्या पॅलेट-चित्रातून उचलला जातो, ज्यात प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक पॅलेट आहे. ओळ बदलली की दिवसाची रात्र होते. आयात लॉसलेस (रंग जसेच्या तसे राखणारी) ठेवायची आणि फिल्टर निअरेस्ट (मधले रंग न बनवणारा) ठेवायचा, या दोन अटी पाळाव्याच लागतात. कडा थोड्या दातेरी होतात, पण बाह्यरेषा गडद असल्याने फोनवर ते खपून जाते. जुनी चित्रे करड्यात आणण्याचे १८,००० रुपये झाले. हे आधी ठरले असते तर वाचले असते.

१४ डिसेंबर

रात्रीची पातळी. शेतीपंपांना अनेकदा रात्रीच वीज मिळते आणि दारे धरायला अंधारात जावे लागते. गेममध्ये ती पातळी असलीच पाहिजे असा माझा आग्रह होता. सोपा मार्ग म्हणून गोडोमधल्या ‘कॅनव्हास मॉड्युलेट’ या सोयीने सर्व रंगांना ०.३५, ०.४२, ०.७ ने गुणले. दृश्य फार देखणे झाले आणि खेळता येईनासे झाले. तजेलदार आणि सुकलेल्या पिकातले ३.१ चे गुणोत्तर १.८ वर आले होते. असा गुणाकार उजळ रंगांतला तांबडा आणि हिरवा सर्वाधिक कापतो, आणि सुकलेल्या पिकाचा उजळपणा त्यावरच उभा होता.

ती पद्धत सोडली आणि पॅलेटमध्ये रात्रीची वेगळी ओळ हाताने बसवली : माती आणि आभाळ गडद निळसर, तजेलदार पीक मातीच्या अगदी जवळ, पण सुकलेले पीक चांदण्यातल्यासारखे फिकट करडे आणि दिवसाइतकेच ठळक. पाटकऱ्याच्या हातातल्या बॅटरीच्या झोतात मात्र दिवसाची ओळ दिसते. त्यामुळे अंधाराची भीती आणि उपयुक्तता एकत्र आली. झोत कुठे वळवायचा हाच रात्रीचा खेळ झाला. चाचणीत लोक या पातळीवर आवाज खाली आणून, फोन जवळ धरून खेळताना दिसले. इतके दिवस रंगांवर जे काम केले त्यातला हा परिणाम मला सर्वांत मोलाचा वाटतो.

एक सूचना : मुठी आणि वरची पाण्याची पट्टी वेगळ्या कॅनव्हास थरावर ठेवावी. मॉड्युलेटचा परिणाम त्याच्या स्वतःच्या थरापुरताच असतो, त्यामुळे रात्रीच्या प्रयोगांत निदान त्या वाचतात.

२२ डिसेंबर

आज चाचणी उन्हात, बांधावर घेतली. ४,५०० रुपयांना जुना एलसीडी पडद्याचा फोन याच कामासाठी घेतला होता. एका वयस्क शेतकऱ्याच्या हातात तो दिला. त्यांनी डाव्या हाताचा आडोसा पडद्यावर धरला, फोन दोन-तीनदा तिरपा केला आणि विचारले, “यात पीक कुठलं अन् रान कुठलं?” मी म्हटले, “काका, हिरवं दिसतंय ना?” ते म्हणाले, “काळंच दिसतंय सगळं. पांढरं तेवढं कळतंय, ते वाळलंय.”

त्यांनी जे सांगितले तेच सूत्र सांगते. कॉन्ट्रास्टच्या सूत्रात दोन्ही बाजूंना ०.०५ मिळवतात, ते पडद्यावरून परावर्तित होणाऱ्या उजेडासाठी. उन्हात तो उजेड कितीतरी वाढतो. तो पांढऱ्या रंगाच्या निम्मा धरला, तर सुकलेल्या आणि तजेलदार पिकातले गुणोत्तर १.७ उरते, आणि तजेलदार पीक व ओली माती यांतले १.३. उन्हात गडद पायऱ्या आधी एकमेकींत मिसळतात.

यावर ‘ऊन’ नावाची चौथी ओळ केली. तिच्यात सुकलेले पीक जवळजवळ पांढरे, २५५, २४६, २१४, आणि तजेलदार पीक मुद्दाम गडद, ०, ११०, ८०, आहे. पीक आणि माती यांतला भेद तिथे सोडून दिला, कारण खेळाडूला काय करायचे हे ‘वाळले की नाही’ यावर ठरते. त्याच उजेडात हे गुणोत्तर १.७ वरून २.३ झाले. नंतर काकांनी पूर्ण पातळी पार केली, आणि दाराची मूठ उजव्या अंगठ्याखाली येते, ती डावीकडे हवी, हेही सांगितले. तो बदल केला आहे.

३ जानेवारी २०२५

बांध फुटताना पडदा भडक तांबडा लुकलुकत असे. तो काढला. डब्ल्यूसीएजीनुसार एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू नये, आणि भडक तांबड्याची लुकलुक अपस्माराच्या झटक्याच्या दृष्टीने विशेष धोक्याची मानली जाते. शिवाय काहींना तांबडा मुळातच काळपट दिसतो, त्यामुळे काळ्या मातीवर त्यांना इशारा कळलाच नसता. आता फुटणाऱ्या बांधाभोवती पांढरी कड संथपणे जाड होत जाते आणि तिच्या आत २१३, ९४, ० हा शेंदरी आहे. १९८० सालच्या पॅक-मॅनमध्ये निळी झालेली भुते पूर्ववत होण्याआधी पांढरी लुकलुकतात. वेळ संपत आल्याचा इशारा उजळपणाने द्यायची युक्ती इतकी जुनी आहे.

११ जानेवारी

चारही ओळी बसल्या. ‘ठळक’ आणि ‘ऊन’ हे पर्याय सेटिंग्जच्या आत न लपवता पहिल्याच पडद्यावर ठेवले, कारण ज्यांना त्यांची गरज आहे ते आतपर्यंत पोहोचण्याआधीच गेम काढून टाकतात. रंगांच्या कामाचा रोख खर्च चित्रे आणि फोन मिळून २२,५०० रुपये झाला. माझा वेळ त्यात धरलेला नाही.

एक गोष्ट बाकी आहे. रात्री अनेकांच्या फोनवर डोळ्यांसाठीचा पिवळसर फिल्टर आपोआप चालू होतो आणि त्यात पाण्याचा आकाशी रंग हिरवट करडा होऊन पिकाशी मिळतो. सध्या सरकत्या पांढऱ्या रेघांमुळे प्रवाह ओळखता येतो, पण साचलेल्या पाण्यावर रेघा नाहीत. त्यासाठी पाण्याच्या काठाला उजळ कड देऊन पाहणार आहे. ती करड्या पडद्यावर टिकली तर पुढच्या आवृत्तीत जाईल.